मधल्या कमानीची पाचर

पहिला दगड निजामनेच टाकला. ही गोष्ट पुढे कुणी नाकारली नाही, त्यानेही नाही.

१९३६ सालच्या चैत्रातली सकाळ होती. दारणेचं पाणी आटून डोहांपुरतं उरलं होतं. मोहरवाडीच्या दगडी मशिदीच्या नदीकडच्या पायऱ्या चढून पेठच्या डोंगरातली बारा माणसं पहारी घेऊन वर येत होती. निजाम मिस्त्री मशिदीच्या छतावर घुमटाच्या आड बसला होता आणि शेजारी नदीतून वेचून आणलेल्या गोट्यांचा ढीग होता. परत फिरा, असं त्याने दोनदा ओरडून सांगितलं. कुणी वर पाहिलंसुद्धा नाही. मजुरीला आलेल्या माणसाला दिवसभर कुणी ना कुणी ओरडत असतंच. तिसऱ्या वेळी निजाम ओरडला नाही. नारळाएवढा गोटा त्याने कठड्यावरून खाली सोडला.

गोटा सगळ्यात पुढे असलेल्या भिकाच्या जबड्यावर बसला. वाळकं लाकूड मोडल्यासारखा आवाज वरपर्यंत ऐकू आला. भिका पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला आणि पालथा पडला. त्याला उताणा केला तेव्हा खालचा जबडा एका बाजूला लोंबत होता आणि तोंडातून रक्ताबरोबर दात येत होते.

निजामने दुसरा गोटा उचलला, पण तो फेकायच्या आत हबीब जिन्याने छतावर पोचला होता. हबीब त्याचा सख्खा धाकटा भाऊ. मशिदीचा मुतवल्ली, म्हणजे तिची देखभाल ज्याच्या नावावर होती तो माणूस, आणि ती पाडायला माणसं घेऊन आलेला मुकादमही तोच. त्याने हातातली पहार भावाच्या डाव्या हातावर, कोपराच्या जरा खाली, एकदाच मारली. दगडाचा कोपरा उडवावा तशी, नेम धरून. हाड मोडलं. मागोमाग भिकाचा थोरला भाऊ पुंजा वर आला. टोळीचा म्होरक्या तोच होता. त्याने निजामला लाथांखाली घेतलं. पोटात, बरगड्यांत, तोंडावर. हबीब बाजूला उभा राहून बघत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "बास. मेला तर फौजदार येईल." मग दोघांनी निजामचे पाय धरले आणि त्याला ओढत जिन्याने खाली नेलं. जिन्याला एकोणीस पायऱ्या होत्या, त्या प्रत्येकीवर त्याचं डोकं आपटलं. बाहेर चिंचेखाली त्याला टाकून सगळे कामाला लागले.

खालून निजामला मशिदीचं तोंड दिसत होतं. जन्मापासून तो ते बघत आला होता, पण जमिनीवर आडवं पडून, एका डोळ्याने, कधी बघितलं नव्हतं.

काळ्या दगडाच्या तीन कमानी, मधली बाकीच्या दोन्हींपेक्षा हातभर उंच. वर एकच बसका घुमट. मीनार नव्हते, त्यांच्या जागी कोपऱ्यांवर कळसासारखे दोन बुटके खांब. कोरलेला शिलालेख होता, पण पुरांनी तो इतका घासला होता की वाचणारे मौलवी प्रत्येक वेळी वेगळं साल सांगत. निजामच्या घरात चालत आलेली गोष्ट अशी : त्यांच्या मूळ पुरुषाने याच जागी आधी दोन मशिदी बांधल्या आणि दोन्ही नदीने नेल्या. तिसऱ्या वेळी त्याने नदीशी भांडण सोडलं. जोत्यात आरपार पाच मोऱ्या ठेवल्या. पूर चढला की पाणी पुढून आत शिरायचं, फरशीखालून जायचं आणि मागच्या बाजूने बाहेर पडायचं. आतली चटई भिजायची, मशीद हलायची नाही. त्यानंतर सात पिढ्या ती उभी होती.

त्या सात पिढ्यांचा एक रिवाज होता. घरातला मुलगा गवंडीकामात तयार झाला की त्याने मशिदीत एक दगड आपल्या हाताने घडवून बसवायचा. बापाने तपासला, ओळंब्याला लागला, की मुलाला उस्ताद म्हणायचं. दगड बसवताना खाली बाभळीच्या पाचरी ठोकून तो उचलून धरतात आणि चुना धरला की पाचरी काढून पोकळी दगडाच्या चिपांनी भरतात. पण ज्याने दगड बसवला त्याने स्वतःची पाचर काढायची नाही, ती दुसऱ्या हाताने निघाली पाहिजे. आपल्या कामातली खोट आपल्याला दिसत नाही, म्हणून.

गोटा टाकताना निजामच्या मनात दोन कारणं होती, आणि त्यातलं एकच तो लोकांना सांगू शकत होता.

सांगता येण्यासारखं साधं होतं. अल्लाचं घर विकता येत नाही. हबीबने ते विकलं होतं. देवळाली कॅम्पात पलटणीसाठी रस्ते आणि मोऱ्या बांधायचं काम निघालं होतं, ठेकेदाराला घडीव काळा दगड हवा होता, आणि सात पिढ्यांनी घडवून ठेवलेला दगड नदीकाठी आयता उभा होता. हबीबने कचेरीतून पडीक बांधकाम असा शेरा आणला. गावातली मुसलमान घरं एकेक करून कॅम्पाच्या बाजारात गेलीच होती. निजामने विचारलं तेव्हा हबीब म्हणाला होता, "पाच माणसं नमाज पढतात इथं. सहावी नदी." निजाम नाशिकला जाऊन मामलेदाराच्या कारकुनाला भेटून आला. अर्ज द्या, महिनाभरात उत्तर मिळेल, असं कारकून म्हणाला. हबीबला पंधरा दिवस पुरे होते.

दुसरं कारण मधल्या कमानीत होतं.

वीस वर्षांपूर्वीच्या पुरात एक आख्खं झाड वाहत येऊन मधल्या कमानीच्या डाव्या खांबाच्या पायावर आदळलं होतं. तिथला फुटका दगड काढून नवा घालायचं काम बापाने एकोणीस वर्षांच्या हबीबला दिलं. तोच त्याचा उस्तादीचा दगड. निजामचा दगड चार वर्षांपूर्वीच मागच्या भिंतीत बसला होता, बरा होता, इतकंच. हबीबचा दगड बघून बाप हरखला. तासणी अशी की पाण्याचा थेंब टाकला तर घरंगळावा. त्याच दिवशी त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की आपल्या मागे मुतवल्ली हबीब होईल, थोरला नाही.

पाचर काढायचं काम निजामकडे आलं. चुना धरल्यावर त्याने पहिली पाचर हलवली आणि दगड केसभर खाली आला. तो थांबला. खाली वाकून बोटांनी चाचपलं. दगड उंचीला दोन बोटं कमी होता. हबीबने मापात चूक केली होती आणि ती पाचरींनी भरून काढली होती. त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. चिपा घालून ती फट भरणारी नव्हती, वर कमानीचं सगळं वजन होतं. दगड बदलायला हवा होता. बाप दहा हातांवर उभा होता. गेल्याच वर्षी चुलतभावाने कोनाडा वाकडा केला म्हणून बापाने त्याची बोटं हातोड्याने चिरडली होती. त्यानंतर त्या पोराने थापी धरली नाही. बापाने विचारलं, "निघाली का?" निजामने पाचर पुन्हा आत ठोकली, तिच्यावर चुन्याचा गिलावा केला आणि म्हणाला, "निघाली."

पुढे कधीतरी आपण गुपचूप दगड बदलू असं त्याने ठरवलं होतं. पण उंबरठ्याची नऊ हात लांबीची एकसंध शिळा त्या दगडाला घट्ट भिडून होती. तिच्या दाबाने पाचरी जागच्या हलत नव्हत्या. शिळा हलवल्याशिवाय दगड निघत नव्हता, आणि शिळा हलवली की कमान खाली येणार होती. वर्षं गेली. बाप गेला. हबीब उस्ताद झाला, मुतवल्ली झाला, मुकादम झाला.

आणि ठेकेदाराला सगळ्यात आधी ती उंबरठ्याची शिळा हवी होती.

पहिल्या दिवशी टोळीने पायऱ्या उखडायला घेतल्या. निजामची बायको हाजरा त्याला खांद्याचा आधार देऊन घरी घेऊन गेली. बांबूच्या कामट्या लावून तिने त्याचा हात बांधला.

दुसऱ्या दिवशी हाजरा तांदळाची पातळ पेज घेऊन टोळीच्या पालावर गेली. भिका फडक्याने जबडा बांधून झाडाला टेकून बसला होता. दाणा चावता येत नव्हता. पुंजाची बायको भागीबाई पुढे आली. तिने तपेली हातात घेतली, चार पावलं चालून पेज नदीत ओतली आणि रिकामी तपेली परत दिली. हाजरा घरी आली, पुन्हा पेज टाकली आणि पुन्हा नेली. या वेळी भागीबाईने ती घेतली. भिकाच्या ओठाला लावली. त्याने घोट घेतला आणि अर्धी पेज हनुवटीवरून ओघळली.

हाजराने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा निजाम भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो म्हणाला, आज पायऱ्या संपतील, उद्या उंबरठा धरतील. मग त्याने तिला पाचरीची गोष्ट सांगितली. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी.

हाजराने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "उंबरठा धरताना किती माणसं कमानीखाली असतील?"

"सात-आठ. दोन्ही टोकांना."

"बायापण?"

"दोऱ्या ओढायला असतील."

"आणि तुम्ही काय ठरवलंय?"

निजामने ठरवलं होतं. काल चिंचेखाली पडल्यापडल्याच ठरवलं होतं. पाडणाऱ्यांच्याच डोक्यावर पडू दे. अल्लाची करणी म्हणतील. हबीब खाली असेल तर तोही. मोडलेला हात रात्रंदिवस ठणकत होता आणि प्रत्येक कळेबरोबर तो विचार त्याला बरा वाटत होता. शिवाय सांगून उपयोग तरी काय होता? वीस वर्षांनी थोरला भाऊ सांगतो की धाकट्याचा दगड खोटा आहे. आता मुतवल्लीपण मागायला उठला, असंच म्हणतील.

हाजराने ते न सांगताच ओळखलं. "मला वाटायचं तुम्ही स्वभावानं गप्प आहात," ती म्हणाली. "तुम्ही नुसते खोटे होतात." आणि ती पाणी आणायला निघून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी निजाम उठला, हात गळ्यात बांधला आणि मशिदीकडे गेला. तो सांगायला निघाला होता की बघायला, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. पायऱ्या गेल्यामुळे जोतं ओकंबोकं दिसत होतं, पाच मोऱ्यांची काळी तोंडं उघडी पडली होती. मधल्या कमानीखाली पुंजा आणि तिघे पहारी शिळेखाली घालत होते. आतल्या बाजूला भागीबाई, टोळीतलीच झुंबरबाई आणि आणखी दोघी काथ्याचे दोर खांद्यावर घेऊन बसल्या होत्या. भिका जबडा बांधून लाकडाचे गोल ओंडके लावत होता. काम केलं नाही तर त्याचा दिवस भरणार नव्हता. हबीब कमानीच्या बरोबर मध्ये उभा होता.

कमानीला लाकडाचा एकही टेकू दिलेला नव्हता. हे निजामने सगळ्यात आधी पाहिलं.

"टेकू का नाही लावला?" त्याने विचारलं.

"माझ्या हातचा दगड आहे खांबाखाली," हबीब म्हणाला. "तो हलत नाही. तू कशाला आलास? दुसरा हात शिल्लक राहिला म्हणून?"

दोघंचौघं हसले. निजाम जवळ गेला आणि फक्त त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हबीब, पाचर आत आहे. मी काढली नव्हती. दगड आखूड आहे."

हबीबने त्याच्याकडे पाहिलं. आधी त्याला कळलंच नाही. मग चेहरा लाल झाला आणि त्याने निजामच्या तोंडात मारली. तळहाताने, पण सगळा जोर लावून. "अब्बांपुढे निघाली म्हणालास," तो आता मोठ्याने बोलत होता. "सगळ्यांपुढे म्हणालास. आता गादी पाहिजे म्हणून मेलेल्या बापालाही खोटं पाडतोस?"

निजाम रक्त थुंकला आणि पुंजाकडे वळला. म्हणाला, बायकांना बाहेर काढ, ही कमान येणार आहे.

पुंजा पहारीवर रेलून उभा होता. "मिस्त्री," तो म्हणाला, "परवा तू दगडानं बोलला, ते खरं वाटलं. आज तोंडानं बोलतो, ते नाय वाटत." आणि त्याने माणसांना हाक दिली. पहारी दबल्या. शिळा एका टोकाला बोटभर उचलली गेली. दोर ताठ झाले.

वरून चिमूटभर चुना निजामच्या पायाशी पडला. चुना जुना आणि कोरडा होता. तो कुठून आला हे बघायला त्याला मान वर करावी लागली नाही.

बोलून आता भागणार नव्हतं. बाजूला टाकलेली एक पहार त्याने उजव्या हातात उचलली आणि तो टोळीवर तुटून पडला. एका हाताने पहार नीट चालत नाही. ती नुसती भिरभिरते. कुठे लागेल याचा नेम नसतो, म्हणूनच माणूस जास्त घाबरतो. पहिला फटका पुंजाच्या खांद्यावर बसला, दुसरा एकाच्या मांडीवर. तो माणूस ओरडत जोत्यावरून खाली कोसळला. निजाम आत शिरला आणि बायकांच्या डोक्यांवरून पहार फिरवली. झुंबरबाईच्या पाठीला टोक ओझरतं लागून लुगडं फाटलं, कातडीही. दोर टाकून बायका बाजूच्या कमानींतून बाहेर पळाल्या. भिका त्यांच्याही आधी पळाला होता. हा माणूस काय करू शकतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. दहा श्वास झाले नसतील, तोवर कमानीखाली दोघेच भाऊ उरले.

हबीब हटला नाही. त्याने हातोड्याचा दांडा निजामच्या मानेवर मारला आणि निजाम गुडघ्यांवर आला. पण तो जिथे पडला तिथे डाव्या खांबाचा पाया होता. त्याने पहारीचं टोक गिलाव्यात घातलं आणि उपटलं. वीस वर्षांपूर्वी त्यानेच केलेला गिलावा ताटाएवढा सुटून पडला. मागे बाभळीच्या दोन पाचरी होत्या, काळ्या पडलेल्या, कडेने कुजलेल्या. शिळेचा दाब गेल्यामुळे त्यातली एक तिथेच सुटली आणि दोघांच्या मध्ये फरशीवर पडली.

हबीबचा हातोडा वरच राहिला.

मग तो हळूच खाली बसला. त्या क्षणी दुसऱ्या कुणीही उठून पळ काढला असता. पण हबीब गवंडी होता, आणि तो दगड त्याचा होता. त्याने हातोडा खाली ठेवला, उजवा पंजा पालथा केला आणि फटीत घातला. मनगटापर्यंत. आत बोटं फिरवून तो माप घेत होता. निजाम ओरडला, हात काढ. हबीबने ऐकलं असेलही.

दुसरी पाचर ओल्या भाकरीसारखी चेपली. दगड खाली बसला.

हबीबच्या तोंडून आवाज आला तो किंकाळीसारखा नव्हता. श्वास आतच अडकल्यासारखा होता. खांब बोटभर खचला होता आणि त्याच्याखाली त्याचा पंजा होता. वर कमानीचे दगड एकमेकांपासून सुटून सांधे उघडे पडले होते आणि त्यांतून चुना पिठासारखा झरत होता. पण ती अजून उभी होती. एका मुठीएवढ्या हाडामांसावर उभी होती.

"पहार घाल," हबीब म्हणाला. "उचल."

निजामने पहार घातली आणि छातीने दाबली. दगड हलला नाही. वरून एक दगड सुटला आणि हबीबच्या पायाजवळ फरशी फोडून गेला. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा आणखी एक. तो निजामच्या खांद्याला चाटून गेला.

"नाही उचलत," निजाम म्हणाला.

हबीबने वर पाहिलं. सांधे मोजावेत तसं पाहिलं. मग म्हणाला, "मग तोड."

निजामने बाहेर वळून पुंजाकडे कोयता मागितला. पुंजाच्या कमरेला तो होता, लाकूड तोडायचा, रुंद पात्याचा. पुंजाने मुठीवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. पहार घेऊन पिसाटलेल्या माणसाच्या हाती कोयता कोण देईल? भागीबाई पुढे आली, नवऱ्याच्या कमरेचा कोयता उपसला आणि जोत्यावर चढून निजामच्या हातात दिला.

"मनगटाच्या सांध्यात मार," हबीब म्हणाला. "वर नको, तिथे हाडं दोन आहेत." आणि त्याने दंडाशी असलेली सदऱ्याची बाही तोंडात धरली.

पहिला घाव सांध्याला चुकला. निजामचा एकच हात होता आणि घामाने मूठ फिरली. दुसरा बसला. तिसऱ्या घावाला हबीबचं सगळं अंग मागे फेकलं गेलं, पण कातडीचा एक पट्टा राहिला होता. निजामने पातं खाली ठेवून त्यावर गुडघा दिला आणि तो कापला. रक्त उंबरठ्याच्या शिळेवर, पाचरीवर, त्याच्या तोंडावर उडालं. हबीब शुद्धीवर नव्हता. एका हाताने त्याला ओढायला निजामने सदरा धरला, तर सदराच फाटला.

तेव्हा पुंजा आत आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याने हबीबला दोन्ही बगलांत धरलं आणि पोतं ओढावं तसं मागे खेचलं. निजाम त्यांच्यामागे रांगत आला. तिघे जोत्यावरून खाली पडले आणि त्यांच्या पाठीमागे मधली कमान खाली आली. आधी मधला दगड, मग दोन्ही बाजू, मग घुमटाची पुढची कड. धुरळा चिंचेपर्यंत गेला आणि बराच वेळ खाली बसला नाही.

फेट्याने दंड आवळून हबीबला बैलगाडीत घातलं आणि कॅम्पाच्या इस्पितळात नेलं. तो वाचला. डॉक्टरने पुन्हा कापून जखम शिवली.

फौजदार आला. त्याने सगळ्यांचे जबाब घेतले. पहिला दगड आपण टाकला, असं निजामने लिहून दिलं. भिकाने मान हलवली, बोलता येत नव्हतं. हात कसा गेला, असं हबीबला विचारलं तेव्हा तो म्हणाला, दगडाखाली गेला. फौजदाराने पुन्हा विचारलं, तेव्हाही तेच म्हणाला. ठेकेदाराचा माणूस येऊन ढिगारा बघून गेला. उंबरठ्याची शिळा मधोमध फुटली होती, कमानीच्या घडीव दगडांचे कोपरे उडाले होते. त्याने दुसरीकडून दगड घ्यायचं ठरवलं आणि पुंजाच्या टोळीला शेजारच्या टेकडीवर मुरूम खणायला लावलं.

दहाव्या दिवशी निजाम इस्पितळात गेला. भावाच्या खाटेजवळ बसला.

"किती कमी होता?" हबीबने विचारलं.

"दोन बोटं."

"दीड," हबीब म्हणाला. "मी मोजला." मग थोड्या वेळाने, "बाजूच्या दोन्ही उभ्या आहेत?"

निजामने सांगितलं, उभ्या आहेत, पण मधला आधार गेल्यामुळे उत्तरेची कमान आत झुकते आहे. रोज दोरी लावून बघतो. दोऱ्याएवढी सरकते.

"पाऊस लागायच्या आत टेकू दे. नाहीतर घुमट येईल."

"तुला पाडायचीच होती ना?"

"पाडायची होती," हबीब म्हणाला. "पडू द्यायची नव्हती." आणि त्याने तोंड फिरवलं. मुतवल्लीपणाबद्दल कुणीच काही बोललं नाही. निजाम निघताना तो भिंतीकडे बघतच म्हणाला, की टेकूला बाभूळ नको, सागवान वापर, आणि वरच्या टोकाला पाचर ठोकताना खाली उभं राहून बघायला कुणीतरी लागतं, सांधे उघडतात की मिटतात ते.

निजाम टेकडीवर पुंजाला शोधत गेला. काय हवं ते त्याने सांगितलं. सागाचे तीन वासे आणलेत, उभे करायला सहा माणसं लागतील, एका दिवसाचं काम आहे, मजुरी इथे मिळते तेवढीच देईन. पुंजा खांदा चोळत ऐकत होता. पहारीचा वळ अजून उतरला नव्हता. भिका मागे बसला होता. त्याचा जबडा वाकडाच जुळत चालला होता, आणि तो निजामच्या हातांकडे बघत होता.

"आमचं कोणी त्या कमानीखाली नाय येणार," पुंजा म्हणाला. "तू म्हणशील पडत नाय, तरी नाय येणार. तुझं ऐकायचं कसं?"

"ऐकू नका. बाहेरूनच ओढा," निजाम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ते आले. सहा नाही, चौघेच, आणि दोर ओढायला भागीबाई. वासे बाहेरून दोरांनी उभे केले, काठ्यांनी सरकवत कमानीपर्यंत नेले. शेवटची पाचर ठोकायची राहिली. पुंजा शिडीवर, कमानीच्या बाहेरच्या अंगाला, घण घेऊन उभा होता. सांधे बघायला खाली माणूस हवा होता. चुकीचा घाव बसला तर कमान टेकूसकट खाली आली असती, आणि घण त्या माणसाच्या हातात होता ज्याच्या भावाचा जबडा निजामने मोडला होता.

निजाम उत्तरेच्या कमानीखाली जाऊन बरोबर मधोमध उभा राहिला. उजवा हात डोळ्यांवर धरला आणि मान वर केली.

"मार," तो म्हणाला.

पुंजाने घण उचलला.